‘चालशे’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षांचे निकाल लागले की बडोद्यात व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांचे फलक जागोजागी दिसू लागतात. महिनाभरात भीड मोडून देण्याची हमी त्यांवर असते. मकरपुरा, नंदेसरी, सावली या भागांतल्या कारखान्यांत आणि शहरातल्या कचेऱ्यांत कामगारांना व कनिष्ठ अधिकाऱ्यांना शिकवण्याचे काम आम्ही करतो. आमच्यासमोर बसणाऱ्यांपैकी अनेकांनी असे वर्ग केलेले असतात. कित्येकांच्या घरी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची ढालही असते, कारण मुलाला गणेशोत्सवाच्या मंचावर उभे करण्याची हौस इथल्या मराठी घरांत अजून टिकून आहे. तीच मुले नोकरीला लागली की सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी ‘बधुं बराबर ने?’ (सगळे ठीक ना?) म्हणताच मान हलवून मोकळी होतात आणि खरे काय ते बाहेर चहाच्या टपरीवर बोलतात. त्या गप्प बसण्याची भरपाई कधी परत आलेल्या मालात होते, कधी अपघातात. म्हणून हे जरा तपशिलाने लिहीत आहोत.

भाषण आणि मीटिंगमधले बोलणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. भाषणाचा विषय आधी ठाऊक असतो, पाच-सात मिनिटे हातात असतात, मध्ये कोणी बोलत नाही. मीटिंगमध्ये मिळतात फार तर वीस सेकंद. तिसऱ्या शब्दाला कोणीतरी तोडते, आणि ऐकणाऱ्याच्या हातात आपली पगारवाढ असते. एकाची तालीम दुसऱ्याला पुरत नाही. वर्गात हावभाव शिकवतात, आवाजाचे चढउतार शिकवतात. वीस सेकंदांचे एक वाक्य कसे बांधायचे, ते बहुधा राहूनच जाते.

एक नमुना घेऊ. बेअरिंग हाउसिंगचे, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या घराचे, काम चालू आहे. बोअर (आतले गोल भोक) ६२ मिलिमीटर, वरची मर्यादा ६२.०३, खालची ६२.००. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, झिजत आला की बोअर हळूहळू लहान येऊ लागतो आणि गो-गेज, म्हणजे भोक पुरेसे मोठे आहे का ते तपासणारे मापक, आत जात नाही. ऑपरेटरच्या हे लक्षात आले आहे. तो मीटिंगमध्ये म्हणतो, “सॉरी साहेब, म्हणजे मला नक्की माहीत नाही, पण दोन नंबर मशीनवर बोअरमध्ये जरा काहीतरी प्रॉब्लेम वाटतोय.” उत्तर ठरलेले: “जोई लेजो, चालशे.” (बघून घ्या, चालेल.) विषय संपला. आता साहेबांना दोष देण्याआधी वाक्य पुन्हा वाचावे. ‘सॉरी’ने चूक आपलीच असल्यासारखे झाले. ‘नक्की माहीत नाही’ने ऐकण्याचे कारणच काढून घेतले. ‘जरा’ने गोष्ट लहान केली, ‘काहीतरी’ने ती कोणती हे सांगायचे टाळले, ‘वाटतोय’ने मोजमाप गेले आणि मत उरले. आणि साहेबांनी काय करावे, हे तर कुठेच आले नाही. कामाच्या घाईत असलेला माणूस असल्या वाक्याला दुसरे काय उत्तर देणार?

तीच गोष्ट अशी सांगता येते: “साहेब, दोन नंबर मशीनवर शेवटच्या ४० पैकी ६ नगांत गो-गेज जात नाही, बोअर ६१.९८ येतोय. असंच चालू ठेवलं तर संध्याकाळच्या २०० नगांत बेअरिंग बसणार नाही. मला वीस मिनिटं मशीन थांबवून इन्सर्ट बदलायचाय. अकराच्या आत परत चालू करून देतो.” काय पाहिले, त्याचे पुढे काय होईल, मला काय हवे, केव्हापर्यंत. हे चार भाग याच क्रमाने आले की सगळे मिळून वीस सेकंदांत बसते, म्हणजे साधारण चाळीस शब्द. आकडा पहिल्या वाक्यातच हवा. आकडा आला की चर्चा माणसावरून मशीनवर जाते आणि बोलणाऱ्याची निम्मी भीती तिथेच ओसरते. कचेरीतही हेच सूत्र चालते: ‘कामाचा लोड फार आहे’ याऐवजी ‘या आठवड्यात ५ फाइली आहेत, शुक्रवारपर्यंत ३ पुऱ्या होतील, उरलेल्या २ पैकी कोणती पुढे ढकलू ते सांगा.’

हे वाक्य आदल्या रात्री वहीत लिहावे. मग उभे राहून, मोठ्याने, तीन वेळा म्हणावे. तिसऱ्यांदा फोनवर रेकॉर्ड करून ऐकावे. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही, कारण अडखळते ती जीभ. रेकॉर्डिंग ऐकताना एकाच गोष्टीकडे कान द्यावा: वाक्याचा शेवट ऐकू येतो का. आपल्यापैकी बहुतेकांचा आवाज क्रियापदापाशी पडतो, आणि मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘मशीन थांबवून इन्सर्ट बदलायचाय’ यातले ‘बदलायचाय’ विरून गेले तर मागणी ऐकूच जात नाही. पाठ फक्त पहिले वाक्य करावे. सगळे पाठ केले आणि मध्ये कोणी तोडले, की पाढा विसरलेल्या मुलासारखी अवस्था होते.

छातीत धडधडणे, घसा कोरडा पडणे, हाताला घाम सुटणे हे होणारच. ते थांबण्याची वाट पाहत बसू नये. मीटिंगला आत जाण्यापूर्वी चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर, असे सहा वेळा करावे. एक मिनिट लागते. बाहेर सोडायचा श्वास लांबवला की नाडी थोडी उतरते आणि आवाजाची थरथर कमी होते. बोलताना हातात वही किंवा गेज असू द्यावे. मोबाइल मात्र नको, साहेबांना वाटते लक्ष दुसरीकडे आहे.

बोलायची वेळ कोणती? पहिली दहा मिनिटे. जितका वेळ गप्प बसावे तितके आपल्याच मनात पहिल्या वाक्याचे वजन वाढत जाते. चाळिसाव्या मिनिटाला ते ‘महत्त्वाचेच असले पाहिजे’ असे वाटू लागते आणि मग राहूनच जाते. म्हणून आधी काहीतरी साधे बोलून घ्यावे: एखादा प्रश्न, एखादी तारीख पक्की करून घेणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियांसाठी जी तपासणी-यादी काढली, तिच्यात चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे असते. एकदा तोंड उघडलेली परिचारिका पुढे काही चुकताना दिसले तर सहज बोलते, असा त्यामागचा विचार आहे. मीटिंगमध्येही तसेच.

नवशिक्यांना आम्ही चार आठवडे सांगतो आणि क्रम बदलू देत नाही. पहिल्या आठवड्यात रोज एक प्रश्न विचारायचा, बस. दुसऱ्यात एकदा तरी सहकाऱ्याच्या मुद्द्याला नाव घेऊन दुजोरा द्यायचा, “पटेलभाई म्हणतात ते बरोबर आहे, आमच्या लाइनवरही तसंच दिसतंय.” यात धोका कमी, आणि उद्या आपल्याला दुजोरा देणारा एक माणूस जोडला जातो. तिसऱ्यात आपल्या कामाचा एक आकडा न विचारता सांगायचा. मतभेद चौथ्या आठवड्यात, तोही छोट्या गोष्टीवर. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी साहेबांच्या योजनेत खोट काढणारे पुन्हा वर्षभर गप्प बसतात. हे इतक्या वेळा घडते की क्रमाचा आग्रह आम्ही सोडत नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाची अडचण थोडी वेगळीही आहे. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, शॉप फ्लोअरवर हिंदी आणि मॅनेजरच्या पडद्यावर इंग्रजी. मुलगा मनात वाक्य मराठीत जुळवतो, त्याचे इंग्रजी करतो, व्याकरण तपासतो. तोवर चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. हे भाषांतर बंद करावे. भागाचे नाव आणि आकडा इंग्रजीत असतातच. क्रियापद ज्या भाषेत येईल त्यात येऊ द्यावे. “साहेब, एक वात कहेवी छे” एवढ्याने सुरुवात झाली तरी खोलीतल्या माना वळतात. परगावच्या हेड ऑफिसशी व्हिडिओ कॉल असेल तर दोन इंग्रजी वाक्ये आधी लिहून चॅटमध्ये टाकावीत आणि मग तीच वाचावीत. वाचण्यात कमीपणा काहीच नाही. हिंदीत लिंग चुकले म्हणून बेअरिंग सैल बसत नाही, हे आमच्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

दुसरी अडचण संस्कारांची. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, असे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात, आणि ते वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. मान ठेवूनही विरोध करता येतो. साहेबांचे उद्दिष्ट आधी म्हणावे आणि आपला मुद्दा त्याच्या बाजूने उभा करावा: “साहेब, पंधरा तारखेचं डिस्पॅच गाठायचंच आहे, म्हणूनच आत्ता सांगतो.” चारचौघांत साहेबांची चूक काढायची वेळ आली, तर मीटिंगआधी पाच मिनिटे केबिनमध्ये जाऊन सांगावे. ग्राहकासमोर मात्र कधीही नाही, आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरही नाही. ग्रुपवर टाकलेली सूचना सगळ्यांना तक्रार वाटते.

मध्ये कोणी तोडले तर? आवाज चढवू नये. हात टेबलावरून थोडा वर उचलून “वाक्य पुरं करतो, दहा सेकंद” म्हणावे आणि जिथे तुटले तिथूनच जोडावे. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले की दुसऱ्यांदा तोडतात. स्त्रियांना मध्येच तोडण्याचे प्रमाण जास्त, हे कुठल्याही मीटिंगमध्ये अर्धा तास बसले तरी दिसते. तिथे शेजारच्या सहकाऱ्याने “बेनचं ऐकून घेऊ” एवढे म्हटले तरी पुरते, आणि ते त्याने म्हणायलाच हवे. आपलाच मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर गेला, तर चिडण्याऐवजी “हो, मघाशी मी मांडला तोच मुद्दा. त्यात आता पुढचं सांगतो,” असे म्हणून नवीन आकडा द्यावा.

आता धोक्याच्या प्रसंगांबद्दल, कारण तिथे वरचे सगळे मवाळपण बाजूला ठेवावे लागते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही. त्याने ती प्रश्नाच्या रूपात विचारली. कॅप्टन त्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक. त्याने ठामपणे ‘झालं आहे’ म्हटले आणि विषय तिथेच संपला. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ एक विमान इंधन संपून पडले आणि १० जण गेले. इंधन कमी होत चालल्याचे कॉकपिटमध्ये बोलले गेले होते, पण ‘आता उतरलंच पाहिजे’ असे ठणकावून कोणी म्हटले नाही. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायला आणि वरिष्ठांना ऐकायला रीतसर शिकवायला सुरुवात केली. तीच पद्धत पुढे रुग्णालयांत आली.

तिचा गाभा आपल्या बोलीत असा. प्रश्न विचारू नका, विधान करा. प्रश्नाला ‘हो हो’ म्हणून टाळता येते. पहिली पायरी: “मला याची काळजी वाटते.” दुसरी: “मला हे पटत नाही.” तिसरी: “हे धोक्याचं आहे, काम थांबवू.” पहिल्या दोनदा ऐकले गेले नाही तर तिसरीवर जायचेच. टाकीत उतरण्याच्या परमिटचे, म्हणजे लेखी परवानगीचे, उदाहरण घ्या. आत ऑक्सिजन किमान १९.५ टक्के हवा आणि मीटर १८ दाखवतोय. सुपरवायझर म्हणतो, “बे मिनिटनुं काम छे, वांधो नथी.” (दोन मिनिटांचे काम आहे, हरकत नाही.) इथे ‘काळजी वाटते’ म्हणत बसायला वेळ नाही. “मीटर १८ आहे. मी उतरणार नाही आणि कोणाला उतरू देणार नाही. ब्लोअर लावा, ताजी हवा आत जाऊ द्या, परत मोजू.” बंद टाक्यांच्या अपघातांत एक जण आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलेही मागोमाग जातात. असे पुन्हा पुन्हा घडते, म्हणून हे वाक्य कामगाराला घोटून आलेच पाहिजे. आम्ही ते परमिट हातात देऊन म्हणवून घेतो.

हे बोलण्याला कायद्याचा आधार आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार थेट किंवा सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधीमार्फत व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देऊ शकेल आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकेल, अशी सोय तिने केली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेतही हा अधिकार आहे. नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीत प्रत्येक कामगाराला हे पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. लैंगिक छळाची तक्रार ही मीटिंगमध्ये मांडायची गोष्ट नाही, तिचा रस्ता निराळा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत, सहा प्रतींत. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. दहाहून कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे.

साहेबांनी नकार दिला, तर दोन गोष्टी विचाराव्यात: कारण काय, आणि पुन्हा केव्हा बघायचे. त्याच दिवशी पाच ओळींचा मेल पाठवावा. काय सांगितले, काय ठरले, पुढची तारीख. मेलमध्ये विशेषणे नकोत. ‘वारंवार सांगूनही’ असले शब्द तर अजिबात नकोत.

आणि एक गोष्ट, जी आत्मविश्वासाच्या वर्गांत कोणी बोलत नाही. कंत्राटी कामगाराला उद्यापासून येऊ नको म्हणायला एक फोन पुरतो. त्याला ‘धीट हो’ म्हणणे सोपे आहे, पण त्याची चूल त्याच रोजावर पेटते. त्याने एकट्याने बोलू नये. दोघा-तिघांनी मिळून सांगावे, सुरक्षा समितीतल्या कायम कामगारामार्फत सांगावे, आणि ज्याची नोकरी पक्की आहे त्याने त्याच्यासाठी तोंड उघडावे. धीटपणाची अपेक्षा ज्याचे नुकसान सर्वांत कमी होणार त्याच्याकडून आधी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून शेवटचे मागणे साहेबलोकांकडे. कनिष्ठांना वर्गाला पाठवण्याआधी आपल्या मीटिंगचा एक आठवडा तपासून पाहावा. आपण आधी मत सांगून मग विचारतो का? लष्करी न्यायालयांत सर्वांत कनिष्ठ सदस्याचे मत आधी घेण्याची रीत आहे, ती याचसाठी. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिले वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हे मिळते, की ‘आत्ता सांगतोस?’ हे? दुसरे वाक्य एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी अजिबात सांगत नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेलाही सांगत नाही. आलेल्या सूचनेचे काय केले, हे दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये सांगावे, नाकारली असेल तरीही. आणि ‘बधुं बराबर ने?’ हा प्रश्न सोडून द्यावा, त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर नाही. ‘आज यात काय बिघडू शकतं?’ असे विचारावे आणि मग गप्प राहून मनात दहापर्यंत मोजावे. तिसऱ्या आकड्याला खोलीत चुळबुळ सुरू होते, पाचव्याला साहेबांनाच बोलावेसे वाटते; तेवढे आवरावे. सातव्या-आठव्याला मागच्या रांगेतून कोणीतरी घसा खाकरतो.

कळावे,
कारखान्यांत व कचेऱ्यांत प्रशिक्षण देणारे काही वाचक,
बडोदे